लाल फडक्याचं झाड

बागवानाने संध्याकाळी वाकड्या नासपतीला लाल फडकं बांधलं आणि घरात येऊन जाहीर केलं की सकाळी लाकूडतोड्या येईल आणि फडकं असलेलं झाड तोडेल. झाड म्हातारं, फळ दगडासारखं, बाजारात कुणी हुंगूनही बघत नाही. बायकोचा जीव खालीवर झाला. तिच्या ज्या मुरंब्याचं पंचक्रोशीत नाव होतं, तो याच दगडांचा. पण नवऱ्याशी वाद घालणं म्हणजे भिंतीशी बोलणं. तिने पाण्याचं निमित्त केलं, फडकं सोडलं आणि शेजारच्या सफरचंदाला बांधलं.

सफरचंदाचं कलम सासऱ्यांच्या हातचं. फेरफटका मारताना त्यांना त्या झाडावर फडकं दिसलं. त्यांनी ते गुपचूप आलुबुखाराला बांधलं. नेमकी त्याच फुलोऱ्याखाली बागवानाची सून रोज घटकाभर बसायची, कारण तिथवर घरातली हाक पोचत नसे. तिनेही फडकं सोडलं खरं, पण बहरलेल्या बागेत दुसऱ्या कुणावर हे संकट ढकलायचं? शेवटी जिथे एकही फूल नव्हतं, तिथे तिने गाठ मारली.

सकाळी लाकूडतोड्या दारात उभा राहिला आणि बागवानाने खिडकीतून पाहिलं, तर नासपतीवर फडकं नाही.

"काल मी फडकं कुठं बांधलं होतं गं?"

"मला काय माहीत? पण नासपतीला नव्हतं."

"सफरचंदाला तर मुळीच नव्हतं," वडील म्हणाले.

"आलुबुखारालाही नव्हतं," सून हळूच म्हणाली.

बागवानाला स्वतःच्या डोक्याचीच शंका यायला लागली. पण परक्या माणसासमोर तसं कबूल कसं करणार? त्याने फडकं दिसेल ते झाड तोडायला सांगितलं आणि थंड झालेला चहा प्यायला.

थोड्या वेळाने धप्प आवाज आला. सगळे धावले. धुण्याच्या दोरीचा खांब आडवा झाला होता आणि ओल्या चादरी चिखलात पसरल्या होत्या.

"पार वाळलेलं होतं, मालक," लाकूडतोड्या घाम पुसत म्हणाला. "आधीच तोडायला हवं होतं."

बागवानाने धुसफुसत दोरी उचलली, एक टोक खिडकीच्या गजाला बांधलं आणि दुसरं जवळच्या दणकट बुंध्याला, म्हणजे नासपतीला. दोन्ही हातांनी ओढून पाहिलं.

"या झाडाला कुणी हात लावायचा नाही," त्याने सगळ्यांना दम भरला. "घरातल्या सोयीची तुम्हाला काही किंमतच नाही."

बायको मान खाली घालून "बरं" म्हणाली.