‘जेवलो’ – पाहा: ‘निरोप’

न थांबणाऱ्या जात्याची कथा अनेक देशांत सांगितली जाते आणि तिचा सांगाडा सर्वत्र जवळजवळ एकच आहे. एका घरात एक जाते असते. एक शब्द उच्चारला की ते मीठ दळू लागते, दुसरा उच्चारला की थांबते. घरच्या बाईला दोन्ही शब्द ठाऊक असतात. ती परगावी जाते आणि मागे राहिलेला कोणीतरी, बहुधा तिचा नवराच, पहिला शब्द उच्चारून बसतो. दुसरा शब्द शिकून घेण्याइतका धीर त्याने कधीच धरलेला नसतो. काही पाठांत घर मिठाने भरते, काहींत समुद्र खारट होतो. नवरा शहाणा झाल्याचा पाठ मला अद्याप आढळलेला नाही.

या कथेवर मी एक जाडजूड ग्रंथ लिहिला आहे. (वाऱ्याने आपटणारे दार त्याने व्यवस्थित अडते, हे आमच्या जावयाने प्रयोगांती सिद्ध केले आहे.) आमच्या इमारतीत सध्या जी हकीकत सांगितली जाते, ती याच कुळातली. शेजारच्या सिस्टरांच्या पाठात मी अतिखाण्याने दगावता दगावता वाचतो. जावयाच्या पाठात सगळा दोष लॅपटॉपच्या बॅटरीचा आहे. पत्नीचा पाठ सर्वांत संक्षिप्त: “काही नाही, ह्यांनी नेहमीसारखं केलं.” चौथा पाठ मी नोंदवतो आहे, कारण कथेतला नवरा मीच.

माझी पत्नी एका मोठ्या कंपनीतले संगणक सांभाळते. दीड वर्षापूर्वी तिची दूरच्या शहरात बदली झाली. जाण्यापूर्वी तिने माझ्या संगणकावर एक काळी खिडकी उघडून दिली. तीत चित्रे नाहीत, बटणे नाहीत. आपण एक शब्द टाइप करायचा आणि यंत्राने तेवढे काम करायचे. ‘शोध’ टाइप केले की माझ्या हजारो कथांतून हवी ती सापडत असे. हे शब्द तिने स्वतः रचले होते. प्रत्येक शब्दामागे एक लहानशी फाईल असते. “गोष्टच समजा,” ती म्हणाली होती, “वरून खाली वाचायची. एक ओळ झाली की दुसरी.”

शोधायला यंत्राला वेळ लागे. तोवर पडद्यावर अक्षरे उमटत: “शोधते आहे. तोवर पाठ सरळ करा.” ‘शोधत आहे’ नव्हे, ‘शोधते आहे’. मी पाठ सरळ करीत असे. घरात मला उद्देशून उच्चारले जाणारे दिवसभरातले ते बहुधा एकमेव वाक्य असे.

दुसरा महत्त्वाचा शब्द होता ‘जेवलो’. दुपारी जेवण झाले की मी तो टाइप करायचा. तिच्या फोनवर तेवढाच संदेश जाई आणि थोड्या वेळाने तिचे उत्तर येई: “बरं.” मौखिक परंपरेत यापेक्षा आटोपशीर संवाद मला आढळलेला नाही. दीड वर्ष आमचा संसार मुख्यतः या दोन शब्दांवर चालला होता, आणि मी तरी तो चालू ठेवण्याच्या बाबतीत अत्यंत दक्ष होतो.

अशा स्थितीत जावई दोन दिवसांसाठी आले. तेही संगणकवालेच. माझी काळी खिडकी पाहून त्यांनी जो चेहरा केला, तो मी एकदा आमच्या दाताच्या डॉक्टरांचा पाहिला होता.

“बाबा, हे काय वापरताय? हे आता कोणी वापरत नाही.”

“मी वापरतो.”

“तेच म्हणतोय मी.”

त्यांनी तासाभरात नवी साधने बसवली. नवा शोध पापणी लवण्याआधी संपे आणि सापडलेले शब्द रंगीत करून दाखवी. पाठ सरळ करायला तो सांगत नसे. तेवढा अवधीच नव्हता. संदेशासाठी त्यांनी ‘निरोप’ नावाचे नवे साधन दिले. ते संदेश थेट फोनवरच्या ॲपमध्ये पोहोचवी आणि पोहोचल्याची हिरवी खूण दाखवी.

“आईंचं जुनं मेलमधून फिरत फिरत जातं. कधी पोहोचतं, कधी नाही. ते काढून टाकू?”

“नको.”

“मग नवं काढू?”

“नको.”

“बाबा, एक काहीतरी ठरवा. दोन्ही ठेवलीत तर तुमचाच गोंधळ होईल.”

आता हा प्रश्न माझ्या शास्त्रातला होता. दोन पाठांपैकी एक निवडून दुसरा फेकून देणे ही आमच्याकडे अडाणीपणाची परिसीमा मानली जाते. शिवाय ‘कधी पोहोचतं, कधी नाही’ हे वाक्य माझ्या मनात रुतून बसले होते. ज्या ज्या दिवशी “बरं” आले नव्हते, ते दिवस मी तिच्या कामाच्या खात्यावर मांडले होते. न पोहोचलेला ‘जेवलो’ ही शक्यता मी विचारातच घेतली नव्हती. एकही संदेश यापुढे वाया जाऊ द्यायचा नाही, असे मी ठरवले. दोन्ही पाठ ठेवायचे आणि एकमेकांशी जोडायचे.

जोडण्याची आमची रीत सर्वमान्य आहे. सूचीत आपण ‘सून – पाहा: सासू’ असे लिहितो आणि ‘सासू’पाशी ‘पाहा: सून’ असे लिहितो. वाचक कोणत्याही दारातून आत आला, तरी त्याला दुसरी खोली सापडावी. जावई गेल्यावर मी ‘जेवलो’ची फाईल उघडली आणि शेवटच्या ओळीखाली लिहिले: निरोप. मग ‘निरोप’ची फाईल उघडली आणि तिच्या शेवटी लिहिले: जेवलो. कोणताही शब्द टाइप केला तरी संदेश दोन्ही वाटांनी जाणार होता. काम इतके नेटके झाले होते की मी स्वतःशीच मान डोलावली. (इतर कोणी डोलावण्याची सोय नव्हती.)

दुसऱ्या दिवशी दुपारी मी टाइप केले: जेवलो.

संदेश जुन्या वाटेने गेला. मग नव्या वाटेने गेला. हिरवी खूण उमटली. मला समाधान वाटले. मग तो पुन्हा जुन्या वाटेने गेला.

सूची वाचणारा माणूस ‘सासू’पाशी जातो, तिथे ‘पाहा: सून’ वाचतो, हसतो आणि चहा प्यायला उठतो. यंत्राला चहाची सवय नसते, हे कोणत्याही ग्रंथात नोंदवलेले नाही. जेवलो, हिरवी खूण, जेवलो, हिरवी खूण. ओळी खालून वर इतक्या वेगाने सरकू लागल्या की पडदा हिरवट दिसू लागला. मी ‘थांब’ टाइप केले. ‘पुरे’ टाइप केले. ‘बस्स’ टाइप केले. शेवटी मोठ्याने म्हणालोही.

जात्याची कथा मला या क्षणी आठवली, असे सांगायला मला आवडले असते. मला आठवला तो जावई. मी फोन केला.

“जावईबापू, हे थांबत नाही.”

“काय थांबत नाही?”

“माझं जेवण.”

पलीकडे नुसता हॉर्न वाजला. मग मी खुलासा केला.

“बाबा, मी गाडी चालवतोय. प्लग काढा सरळ.”

मी प्लग काढला. पडद्याच्या कोपऱ्यात बॅटरीचे चित्र उमटले आणि यंत्र माझ्या मदतीशिवायही समर्थपणे जेवत राहिले.

मग मी पत्नीला फोन लावला. तो लागेना. (नंतर समजले ते असे: ती वरिष्ठांना काहीतरी समजावून देत होती आणि त्यासाठी तिच्या फोनचा पडदा समोरच्या भिंतीवर दाखवला जात होता. त्या भिंतीवरून माझे ‘जेवलो’ धबधब्यासारखे कोसळू लागले. साहेबांनी विचारले, “मॅडम, हे कोण जेवतंय?” ती म्हणाली, “आमचे हे.” साहेब म्हणाले, “अजून?”) तेवढ्यात मला एका अनोळखी नंबरावरून फोन आला. अनोळखी नंबर उचलायचा नाही, ही तिचीच शिकवण. मी कापला. पुन्हा आला, पुन्हा कापला. ती ऑफिसच्या फोनवरून करते आहे, हे मला कळण्याचा काहीच मार्ग नव्हता. फक्त उचलण्याचा होता.

यानंतर आमचे दार आपोआप उघडले. शेजारच्या सिस्टर, म्हणजे निवृत्त परिचारिका आणि पत्नीची मैत्रीण, आमच्याकडची जादा किल्ली घेऊन आत आल्या. दुसऱ्या हातात रक्तदाब मोजायचे यंत्र होते.

“भाऊजी, बसा. बोलू नका. हात द्या.”

“सिस्टर, मी ठीक आहे.”

“ठीक असणारा माणूस बायकोला हजार वेळा ‘जेवलो’ सांगत नाही. डोकं गरगरतंय? आज वार कोणता?”

“मंगळवार. अहो, ते मी नाही, यंत्र सांगतंय.”

“असंच वाटतं सगळ्यांना सुरुवातीला,” सिस्टर मायेने म्हणाल्या आणि पट्टा आवळला. “काय जेवलात? शिळं काही खाल्लंत का?”

मी उत्तर शोधत असताना त्या स्वतःच स्वयंपाकघरात गेल्या. तिथून काही वेळ काहीच आवाज आला नाही. मग फ्रीज उघडल्याचा आला, मग बंद केल्याचा. त्यांनी फोन लावलेला मी ऐकला. “हां, मी पोचले. जिवंत आहेत. बीपी छान आहे. पण ऐक ना, गॅस गार आहे. भांडं एक नाही गं सिंकमध्ये. ओट्यावर बिस्किटांचे पुडे आहेत नुसते.”

माझ्या क्षेत्रकार्यात मी अनेक घरांत शिरून चुलीशेजारी बसलो आहे. चुलीवरून घर वाचता येते, असे मी विद्यार्थ्यांना शिकवीत असे. आपलीही चूल कोणी वाचेल, ही शक्यता मी (वर सांगितलेल्या इतर शक्यतांप्रमाणेच) विचारात घेतली नव्हती.

सिस्टरांनी फोन माझ्या हातात दिला.

“अहो,” पत्नी म्हणाली, “कंट्रोल आणि सी. दोन्ही एकत्र दाबा.”

मी दाबले. जाते थांबले. काळ्या खिडकीत फक्त एक छोटी रेघ लुकलुकत राहिली आणि खोली पुन्हा पूर्वीइतकी शांत झाली; ती शांतता मला आधी इतकी ऐकू आली नव्हती.

“थांबलं?”

“थांबलं. अगं, हे तू मला आधी का नाही सांगितलंस?”

“सांगितलं होतं. तेव्हा तुम्ही मला जात्याची गोष्ट सांगत होता.” मग तिने विचारले, “रोज बिस्किटंच खाता?”

“रोज नाही. कधी कधी टोस्ट.”

“मग रोज ‘जेवलो’ कशाला पाठवता?”

खरे उत्तर एकच होते आणि सिस्टर रक्तदाबाच्या यंत्राची गुंडाळी करीत, आपण ऐकत नसल्याचे मन लावून दाखवीत उभ्या होत्या.

“तू ‘बरं’ म्हणतेस म्हणून,” मी म्हणालो.

 पलीकडे कोणीतरी तिला मॅडम मॅडम म्हणून हाक मारत होते.

“ठेवते,” ती म्हणाली. “सगळे थांबलेत.”

शनिवारी सकाळी ती आली. मी दाढी केली होती आणि टेबलावरची पुस्तके उचलली होती. तिने बॅग ठेवली, माझ्याकडे नीट पाहिले, “बारीक झालात,” म्हणाली आणि संगणकासमोर बसली. मी खुर्ची ओढून शेजारी बसलो. दीड वर्षानंतर आम्ही एका पडद्याकडे एकत्र पाहत होतो. ती माझ्या फाईली वाचत होती आणि अधूनमधून कपाळाला हात लावत होती. एकूण मला तो दिवस अतिशय सुखाचा गेला.

“जावयाचं साधन चांगलं आहे,” ती म्हणाली. “तेच ठेवू. नाव मात्र माझं राहू दे. ‘जेवलो’ टाइप केलं की ‘निरोप’ चालेल.”

“आणि ‘निरोप’कडून ‘जेवलो’कडे?”

“काहीही नाही. एकानं दुसऱ्याकडे बोट दाखवायचं. दुसऱ्यानं काम करायचं आणि गप्प बसायचं. दोघंही एकमेकांकडे बोट दाखवत बसले, तर काम कोण करणार?”

मी हे लिहून घेतले. नवा शोधही तिने ठेवला, पण त्याच्या आधी आपली जुनी ओळ घातली. आता काम क्षणात संपते आणि तरीही “शोधते आहे, तोवर पाठ सरळ करा” हे उमटते. त्याची आता काहीच गरज नाही, असे मी मुद्दामच तिच्या लक्षात आणून दिले नाही. तिच्याही ते लक्षात आले नसावे. (ती संगणकात तीस वर्षे आहे.)

“सुट्टी कशी मिळाली?” मी विचारले. माझ्या काळजीने ती धावून आली, असा या कथेचा शेवट मी मनात लिहून ठेवला होता.

“साहेबांनीच पाठवलं. म्हणाले, ते जिथून येतंय तिथे जाऊन बंद करून या.”

रविवारी संध्याकाळी ती परत गेली. जाताना तिने फाईली बदलण्याची माझी मुभा काढून घेतली आणि ‘जेवलो’मध्ये एक किरकोळ सुधारणा केल्याचे सांगितले.

सोमवारी दुपारी मी नेहमीच्या वेळी काळ्या खिडकीसमोर बसलो आणि ‘जेवलो’ टाइप केले. हिरवी खूण उमटली नाही. त्याऐवजी अक्षरे उमटली: “काय जेवलात?” मी लिहिले: भात. संदेश गेला आणि “बरं” आले. मंगळवारी मी पुन्हा लिहिले: भात. यंत्र म्हणाले: “भात काल होता. फोटो पाठवा.”

मी उठलो, गॅस पेटवला आणि अंडी उकडायला ठेवली.