आधी शेवटचं पान

आमचे वकीलमामा कुठलाही कागद शेवटून वाचतात. लग्नपत्रिका आली तरी आधी 'आहेर आणू नये'पाशी जातात, तिथून चढत चढत नवरदेवापर्यंत पोचतात, आणि तोवर नवरी कुणाची हे विसरलेले असतात. मग पुन्हा खाली उतरतात.

मामा म्हणजे माझ्या बायकोचे, सुनंदाचे, सख्खे मामा. आष्ट्याला घर, सांगलीच्या कोर्टात वकिली. वकिली आता जवळजवळ थांबली आहे, वाचणं थांबलेलं नाही. नात्यागोत्यात कुणाला नोकरी लागल्याचं कानावर आलं की मामा एसटी धरतात. अभिनंदन वगैरे करत नाहीत. दारातूनच विचारतात, "सही केली का? करू नगं. कागद दाव."

मग चष्मा, मग शेवटचं पान, आणि मग ठरलेलं वाक्य : "आत घेताना समदी हसत्यात. सोडताना काय करणार, ते आदी बगायचं."

मागं आम्ही त्यांना नवा मोबाइल घेऊन दिला. सुरू करताना पडद्यावर अटी आल्या. 'मान्य' दाबा आणि पुढं चला, असं दुकानदार म्हणाला. मामा तिथल्याच स्टुलावर बसले आणि अटी वाचू लागले. अर्थात शेवटून. दुकानदारानं एकदा चहा पाजला. दुसऱ्यांदा शटर अर्धं ओढलं. अखेर मामांनी फोन परत केला. "मला न्हाई मान्य," एवढंच म्हणाले. आजही त्यांच्याकडं बटणांचाच फोन आहे.

मी स्वभावानं कमी बोलणारा माणूस. कुपवाडच्या एका कारखान्यात स्टोअर सांभाळतो. आजवर समोर आला त्या प्रत्येक कागदावर मी बोट ठेवलेल्या जागी सही केली आहे. विचारलं तर समोरच्याला काय वाटेल, या भीतीनं. त्यामुळं मामा आले की मला आंघोळीला जावंसं वाटतं. दिवसातून दोनदा झाली असली तरी.

तर आमच्या अश्विनीला नोकरी लागली. अन्नतंत्रज्ञान शिकलेली पोर, साताऱ्याच्या एमआयडीसीत खाद्यपदार्थांची कंपनी, कामही तिला हवं होतं तेच. करार ई-मेलनं आला. सोमवारी सही करून आणायचा होता. मी सुनंदाला बजावलं, मामांना सही झाल्यावर सांगू. अश्विनीला तर म्हटलं, आत्ताच करून टाक. तिनं माझ्याकडं पाहिलं आणि पेन बाजूला ठेवलं. सुनंदानं त्याच संध्याकाळी आष्ट्याला फोन लावला.

रविवारी सकाळी मामा हजर. दुपारपर्यंत त्यांनी त्या करारात तीन ठिकाणी पेन्सिलनं फुल्या मारल्या. कंपनीनं काढलं तर महिन्याची नोटीस, पोरीनं सोडलं तर तीन महिन्यांची. मूळ प्रमाणपत्रं कंपनीकडं ठेवायची. आणि नोकरी सोडल्यावर दोन वर्षं अशाच दुसऱ्या कंपनीत काम करायचं नाही.

"ही शेवटची अट कोर्टात टिकणार न्हाई," मामा म्हणाले.

"मग राहू दे की," मी म्हटलं.

"आवं पाव्हणं, टिकत न्हाई म्हणून सही करायची असती व्हय? ती कोर्टात जाणार कवा, आन दुसरी नोकरी बगणार कवा?"

मी म्हटलं, कंपनी म्हणेल, एवढे प्रश्न आहेत तर येऊच नका. दारात रांग लागली आहे पोरांची. यावर मामांनी भलतंच काढलं. ते म्हणाले, बोलणी करायला जाऊ. चार माणसं घेऊन.

आमच्याकडं सोयरीक जमवताना दोन्हीकडची जाणती माणसं जाजमावर बसतात. ठरेल ते यादीत लिहितात. दोन्ही बाजूंना पटलं की सुपारी फोडतात, आणि एकदा सुपारी फुटली की कुणी मागं फिरत नाही. मामांच्या मते नोकरी ही सोयरीकच. पोरगी नांदायला पाठवायची, आणि यादी न बघता?

सोमवारी मामा, मी, सुनंदा आणि अश्विनी असे साताऱ्याला निघालो. मामांनी फेटा बांधला होता. कराड येईपर्यंत मी तीन वेळा सुचवलं की मामांनी गाडीतच थांबावं, उन्हाचं कशाला. "गाडीत बसून बोलणी करत्यात का कुठं?" एवढं म्हणून ते पेंगू लागले.

कंपनीच्या गेटवर मामांच्या खिशात अडकित्ता सापडला. सुरक्षारक्षक म्हणाला, हे हत्यार आहे. मामा म्हणाले, हे लग्नाचं सामान हाय. मी दोन पावलं बाजूला सरकून भिंतीवरचा सुरक्षिततेचा फलक वाचू लागलो. अडकित्ता ठेवून घेतला आणि आम्हाला आत सोडलं.

एच.आर.चा साहेब म्हणजे कोवळा पोरगाच होता. तिशीही नसेल. उमेदवार एक आणि माणसं चार बघून तो आधी उठून उभा राहिला. मामांनी त्याला बसवलं, गाव विचारलं. फलटण निघालं. मग ऊस किती, पाणी कुठलं, वडील काय करतात. मी घड्याळाकडं बघत होतो. अश्विनीची नोकरी त्या टेबलावर पडली होती आणि मामा फलटणच्या पाटाच्या पाण्यावर बोलत होते.

शेवटी त्यांनी करार काढला, शेवटच्या पानावर बोट ठेवलं. साहेब म्हणाला, हा सगळ्यांना एकच असतो हो, ठरलेला नमुना आहे, कुणीच काही विचारत नाही.

मामांनी विचारलं, "तुमच्या करारात काय लिवलंय? तुमी सोडताना?"

साहेब हसला. मग हसता हसता त्यानं संगणकावर स्वतःचा करार उघडला. आम्ही त्याच्या तोंडाकडं बघत राहिलो. हसू हळूहळू गेलं. त्यानं खुर्ची जरा पुढं ओढली.

"मी वर विचारून येतो," तो म्हणाला आणि गेला.

तो गेला त्या वेळात मी मनातल्या मनात मामांना जे जे बोललो ते इथं लिहिता येणार नाही. सुनंदाला मात्र ऐकू जाईल असं म्हणालो, गेली नोकरी, आता बसा सुपारी फोडत. अश्विनी माझ्याकडं वळली. "बाबा, गेली तर गेली. पण हे विचारायचं मलाही होतं. तुम्हीच म्हणत होता, गप्प सही कर."

खरं सांगायचं तर माझी चिडचिड मामांवर नव्हतीच. जे मला एकदाही तोंडातून काढता आलं नाही ते हा म्हातारा फेटा बांधून चारचौघांत विचारत होता, आणि विचारल्यानं छत काही कोसळत नव्हतं.

साहेब परत आला. प्रमाणपत्रं बघून लगेच परत देणार. नोटीस दोन्हीकडून एक महिना. दोन वर्षांची अट मात्र वरचे काढायला तयार नव्हते. मग अश्विनीच बोलली. म्हणाली, इथलं गुपित मी बाहेर सांगणार नाही असं लिहून घ्या, पण मला माझं काम करू द्या. साहेब पुन्हा वर गेला. ते कबूल झालं. अश्विनीनं सही केली. साहेब आम्हाला गेटपर्यंत सोडायला आला आणि मी पुढं गेलोय असं समजून मामांना हळूच म्हणाला, "मामा, आष्ट्याला कधी असता?"

गेटवर अडकित्ता परत मिळाला. मामांनी तिथंच सुपारी फोडली. एक खांड सुरक्षारक्षकालाही दिलं.

परतीच्या वाटेवर मी फी विचारली. मामांनी हात झटकला. त्यांची फी एकच, म्हणाले. कामाच्या पहिल्या दिवशी संध्याकाळी फोन करून सांगायचं, दिवस कसा गेला. मला वाटलं, हीही एक लहर.

त्याला आता बरेच दिवस झाले. परवा सुनंदानं शेंगदाण्याची चटणी दिली ती पोचवायला कामावरून परस्पर आष्ट्याला गेलो. मामा ओसरीवर बसले होते. समोर स्टीलची ताटली, ताटलीत तो बटणांचा फोन. हल्ली ऐकू कमी येतं. ताटलीत फोन थरथरला की आवाज मोठा होतो.

"आज त्या फलटणच्या पोराचा पयला दिवस," मामा म्हणाले. "पुण्यात लागलाय. करार मीच बगितला."

आम्ही बोलत बसलो. म्हणजे मामा बोलत होते आणि मधूनमधून ताटलीकडं बघत होते. आत कुणी नव्हतं. मामी गेल्यापासून घरात दुसरा आवाज नाही. दिवेलागण झाली. ताटली गप्पच.

"काम असंल," मामा म्हणाले. "नव्या जागी लय धावपळ असती."

मी विचारलं, सगळे करतात का फोन?

"करत्यात की." त्यांनी ताटली उगाच जराशी सरळ केली. "अश्विनीनं केलावता. कुणासंगं जेवली, खिडकी कुठल्या अंगाला हाय, समदं सांगितलं."

दुसरं नाव त्यांनी घेतलं नाही. मी वाट बघितली. मग उठलो, चपला शोधू लागलो.

"नोटीस न देताच निघालासा व्हय, पाव्हणं?"

म्हणाले आणि स्वतःच हसले. मी परत बसलो.

माझ्या पिशवीत आठवडाभर एक कागद होता. कारखान्याचे मालक बदलले. आम्हा जुन्या लोकांना नवा करार दिला आहे, सह्या मागितल्या आहेत. मी नेहमीसारखी करून टाकणार होतो. मामांना कळू नये म्हणून घरीही बोललो नव्हतो.

तो काढून मी त्यांच्यापुढं धरला. "मामा, हा जरा बघता का? माझाच आहे."

मामांनी कागद घेतला. चष्मा पुसला, घातला, शेवटचं पान उघडलं आणि मग थांबले.

"फी ठाऊक हाय न्हवं?"

"जागा तीच आहे मामा. पहिला दिवस कसला?"

"नव्या कागदाचा पयला दिवस. सांजच्याला फोन करायचा. लय काय नगं. डबा कुणासंगं खाल्लासा, तेवढं सांगा."

मी बरं म्हटलं. इतकी वर्षं मी स्टोअरचं दार लोटून एकटाच डबा खात आलो आहे. आता कुणीतरी शोधायला हवं.