देवरावकाकांचा जावई

देवरावकाका बोलताना तुमच्या तोंडाकडे पाहत नाहीत, कोपराकडे पाहतात. मी भाजीची पिशवी घेऊन गल्लीतून चालले असले की त्यांची हाक येते, "सुमन, थांब बरं. पिशवी या हातातून त्या हातात घे." मी घेते. "आता पुन्हा घे, पण हळू." कारंजा गावातल्या आमच्या गल्लीतल्या सगळ्यांची कोपरं त्यांनी अशी तपासून ठेवली आहेत. दूधवाला तर त्यांच्या दाराशी आला की आधी बाही वर सारतो, मग दूध मोजतो.

कारण असं, की काका माणूस बनवत आहेत.

माझ्या घरात किराण्यापासून परत करायच्या डब्यांपर्यंत सगळ्याच्या याद्या असतात, म्हणून आधी सामान सांगते. थ्री-डी प्रिंटरमधून निघालेली पांढरी हाडं. सांध्यासांध्याला छोट्या मोटारी. डोळ्यांच्या जागी कॅमेरा. कमरेपर्यंतचं धड, त्यावर काकांचा जुना चौकड्यांचा शर्ट. पाय नाहीत. मी विचारलं तर म्हणाले, "पाय कायले? त्याले कुठं जायचं हाय?" हे सगळं एका प्लास्टिकच्या खुर्चीला पट्ट्याने बांधून समोरच्या खोलीत, दाराजवळ बसवलेलं असतं. नवा कुरिअरवाला त्याच्याकडे सही मागतो.

काकांचं मोटार वाइंडिंगचं दुकान होतं. ते बंद केल्यावर त्यांना इंटरनेटवर या यंत्रमाणसाचे नकाशे सापडले. "सगळं फुकट हाय, सुमन. कोणी लपवून नाही ठेवलं. घ्या, बनवा, आन् काही सुधारलं त सगळ्याइले सांगा." जगभरातले हौशी लोक आणि संशोधक एका ग्रुपवर एकमेकांच्या अडचणी सोडवत असतात. काका तिथे सरळ मराठीत लिहितात. पलीकडचा आपला भाषांतर करून घेतो. अंगठ्याला सायकलच्या ट्यूबचा तुकडा चिकटवला की ग्लास निसटत नाही, हा काकांचा शोध. तो मूळ नकाशात घेतला गेला, तेव्हा गल्लीत पेढे वाटले गेले.

यंत्रमाणसाचं नाव जावई. "बसून राह्यते, करत काही नाही, आन् मान द्या लागते," हे नावामागचं कारण.

जावयाला शिकवायची रीतही सोपी आहे. मोटारी ढिल्या सोडायच्या, त्याचे हात आपल्या हातात धरायचे आणि काम करून दाखवायचं. लिंबू उचलून वाटीत मधोमध ठेवायला काकांनी त्याला गेल्या उन्हाळ्यात शिकवलं. आजही सांगितलं की तस्संच ठेवतो. त्यावर काकांचं ठरलेलं वाक्य आहे: "एकदा हात धरून शिकवलं का हा इसरत नाही. इसरायले तो काय माणूस हाय?"

पण जावयाचं खरं काम लिंबाचं नव्हतं. त्याने आल्यागेल्याला पाणी द्यायचं होतं.

ते काम आधी कांताकाकूंचं. आमच्याकडे कोणी आलं की आधी पाणी, मग चौकशी. काकू उजव्या हाताने ग्लास पुढे करत आणि डाव्या हाताची बोटं उजव्या कोपराला लावत. साधं पाणी, पण घेणाऱ्याला उगाच आपण कोणीतरी मोठे आहोत असं वाटायचं. मग अर्धांगवायू झाला. पाय सुधारले, उजवा हात मात्र उठेना. डॉक्टरांनी हिंडा-फिरा, चार माणसांत बसा म्हणून सांगितलं. काकू स्वयंपाकघराच्या पडद्याबाहेर येईनात. मी आत जाऊन समजावलं, तर म्हणाल्या, "रिकाम्या हातानं पाहुण्यापुढं कशी जाऊ?" हळूहळू पाहुणेही कमी झाले.

आता अडचण अशी, की काकांनी जन्मात कोणाला पाणी दिलेलं नव्हतं. त्यामुळे त्यांचा शिष्यही मिस्त्रीच्या हातात पाना द्यावा तसा ग्लास पुढे ढकलायचा. एके दुपारी मी समोर बसले होते. अर्धं पाणी माझ्या मांडीवर आलं.

पडद्याआडून आवाज आला, "अवो, तो पाणी देऊन राह्यला का फेकून राह्यला?"

"देऊन राह्यला."

"डावा हात कुठं हाय त्याचा?"

"खुर्चीवर."

"पाहुण्याले पाणी देतानी डावा हात खुर्चीवर?"

"मले काय येते त्यातलं? तूच दाखव येऊन."

"मी नाही येत."

"राहू दे मग. सुमन ओली झाली त झाली. उद्या दुसरं कोणी होईन."

पडदा हलला. काकू भिंतीला धरत बाहेर आल्या, डाव्या हाताने पदर सारखा केला आणि जावयाशेजारी बसल्या. "जावयाकून पाणी घ्याचे दिवस आले," असं पुटपुटत त्यांनी त्याचं उजवं मनगट धरलं, सावकाश माझ्याकडे आणलं, मग त्याचा डावा हात उचलून कोपराला लावला. "असं. माणूस घरी आला हाय, गाडीत डिझेल नाही टाकाचं." काका लॅपटॉपवर वाकून बसले होते. त्यांनी मान वर केली नाही. नंतर जावयाने मला पाणी दिलं ते थेट काकूंसारखं. एक थेंब सांडला नाही.

दुसऱ्या दिवशी मी त्यांचा डबा परत करायला गेले. समोरच्या खोलीत दूधवाला शर्ट झटकत बसला होता, पोटापर्यंत भिजलेला. जावयाचा डावा हात खुर्चीवर होता.

"अवं कांता," काका आत तोंड करून म्हणाले, "याले कालचं काहीच याद नाही. ये बरं जरा भायेर."

"काय ढोर बनवून ठेवलं," म्हणत काकू निघाल्या. पदर आधीच सारखा केलेला होता. येता येता त्यांनी दूधवाल्याला विचारलंही, "बस ना. पोरगी कशी हाय तुही?"

जावयाजवळच्या वाटीत लिंबू होतं, अगदी मधोमध ठेवलेलं. मी लिंबाकडे पाहिलं, मग काकांकडे. ते आज माझ्या कोपराकडे नाही, तोंडाकडे पाहत होते, आणि जरा घाबरलेले दिसत होते.

मी डबा बाजूला ठेवला आणि खुर्ची जावयासमोर ओढून भिजायला बसले.