ओल्या रुमालाचे वजन

मी वजनमापे खात्यात निरीक्षक आहे. दुकानदाराचा किलो खरोखर किलो आहे ना, हे तपासून त्यावर शिक्का मारणे हे माझे काम. माझ्या शब्दावर कोणी विश्वास ठेवत नाही, पण माझ्या शिक्क्यावर सगळे ठेवतात. एवढ्या प्रतिष्ठेवर माझे बरे चालले होते.

मला चित्रपटांचा नाद आहे, आणि बायकोला माझ्याहून जास्त. दर रविवारी दुपारचा खेळ आम्ही पाहतोच. हरवलेला भाऊ गाणे म्हणता म्हणता सापडतो तोही पाहतो, आणि एक माणूस तासभर भिंतीकडे बघतो व शेवटी भिंतच उठून निघून जाते तोही पाहतो. बाहेर पडल्यावर मात्र बोलायचे नाही, असा आमचा रिवाज आहे. कोपऱ्यावरच्या लाँड्रीपर्यंत मुकाट्याने चालायचे. तिथे पोचले की बायको विचारते, "कसा वाटला?" आणि तिथून घरापर्यंत आमचे भांडण चालते. इतक्या वर्षांत एकही चित्रपट दोघांना सारखा वाटलेला नाही. खरे सांगायचे तर मी तिकीट चित्रपटाचे काढतो, पण जातो त्या भांडणासाठी.

एका रविवारी आईच्या आजारपणाचा चित्रपट लागला होता. आई मध्यंतराआधी अंथरुणाला खिळली आणि शेवटच्या गाण्यापर्यंत तिने काही जीव सोडला नाही. बायकोने स्वतःचा रुमाल संपवून माझा मागून घेतला. मला मात्र सगळा वेळ एकच काळजी होती, की सलाईनची बाटली केव्हाची रिकामी झाली आहे आणि एवढ्या मोठ्या कुटुंबात एकाचेही तिकडे लक्ष कसे नाही. दुसऱ्या दिवशी ऑफिसात चहा घेताना मी सहज म्हणालो, की तिकीट दोघांचे सारखेच, पण हिला दोन रुमाल भरून रडू मिळाले आणि मी कोरडाच परत आलो. म्हणजे मला माप कमी घातले. सगळे हसले. साहेब हसले नाहीत. आमच्या साहेबांना विनोद कळत नाही आणि म्हणूनच ते साहेब झाले आहेत.

त्यांनी कप खाली ठेवला आणि म्हणाले, "म्हणजे एकाच किमतीत कोणाला कमी, कोणाला जास्त माल देतात. आणि हे तुम्ही आज सांगताय?"

महिना उलटायच्या आत नियम आला. भावना हा तिकीट लावून विकला जाणारा माल असल्याने तो प्रत्येक ग्राहकास सारख्या मापाने मिळावा, असे त्यात म्हटले होते. आता माप म्हटले की मूळ नमुना लागतो. किलोचा नमुना कसा, काचेखाली, धूळ लागू न देता जपतात. तसा एक प्रमाणप्रेक्षक नेमायचे ठरले. बराच शोध घेतल्यावर साहेबांचे मेहुणेच सर्वांत योग्य ठरले. ऊन, पाऊस, सुखदुःख यांचा त्यांच्यावर काहीही परिणाम होत नसे. बहिणीचे लग्न साहेबांशी लागले तेव्हासुद्धा त्यांच्या डोळ्यांत टिपूस आले नव्हते, आणि ज्यांनी साहेबांना पाहिले आहे त्यांना यातली कसोटी कळेल.

मेहुण्यांना चित्रगृहात पडद्याच्या बाजूला काचेच्या खोलीत, सर्वांना दिसतील असे बसवण्यात आले. ते जेवढे रडतील तेवढेच रडणे सर्वांनी रडायचे. दारात प्रत्येकाला वजन केलेला कोरडा रुमाल मिळे आणि जाताना तो माझ्या काट्यावर ठेवावा लागे. रुमाल हलका भरला तर दंड चित्रगृहाला, जड भरला तर प्रेक्षकाला. सर्दी झालेल्यांना डॉक्टरची चिठ्ठी सक्तीची होती.

लोक शहाणे असतात. आठवड्याभरात त्यांनी पडद्याकडे बघणे सोडले आणि ते मेहुण्यांकडे बघू लागले. मेहुण्यांनी नाक ओढले की सगळे सभागृह नाक ओढी. ज्यांना एवढे करूनही पाझर फुटत नसे त्यांच्यासाठी बाहेर ओले रुमाल विकायला आले. मी एका विक्रेत्याला हटकले, तर तो शांतपणे म्हणाला, "भेसळ नाही साहेब. घरचंच रडू आहे." मला तो रुमाल जिभेला लावून पाहावा लागला. पुढे असे रुमाल चाखणे माझ्या कामात रीतसर धरले गेले, आणि मला दुपारचे जेवण अळणी लागू लागले.

नवे मापही रूढ झाले. जाहिराती येऊ लागल्या, 'सहकुटुंब पाहावा असा सव्वा मेहुणा चित्रपट'. वर्तमानपत्रातले समीक्षक एकेका ओळीत मोकळे होऊ लागले. साहेबांना बढती मिळाली.

फक्त लाँड्रीपाशी काहीतरी बिनसले. बायको विचारी, "कसा वाटला?" मी सांगे, "अर्धा मेहुणा." ती म्हणे, "मलाही." मग घरापर्यंत बोलण्यासारखे काही राहत नसे. एवढी वर्षे आम्ही चालत होतो ती वाट लांब आहे, हे मला तेव्हा प्रथम कळले. मला ते भांडण हवे होते, पण मागायचे कोणाकडे ते कळेना.

अशात तो कपाटाचा चित्रपट लागला. एक माणूस पाठीवर कपाट घेऊन दारोदार फिरतो. प्रत्येक घराचे छत बुटके, त्यामुळे कपाट आत जात नाही. एक बाई टेबलाशी बसून समुद्राला इस्त्री करते. मग काही घोडे जिना चढू लागतात. पहिला घोडा दुसऱ्या पायरीवर आला आणि मेहुणे झोपले.

प्रमाण शून्यावर आले. नियमाप्रमाणे सारे सभागृह झोपले, काही जण तर कायद्याला मान देऊन घोरू लागले. झोप योग्य मापाची आहे ना, हे पाहणे माझे कर्तव्य असल्याने मी जागा राहून मेहुण्यांवर नजर रोखून बसलो. सबंध सभागृहात पडद्याकडे बघणारी एकटी माझी बायको होती.

खेळ संपल्यावर मी काट्यापाशी उभा राहिलो. साहेब मागे उभे होते. कोरडे रुमाल एकामागून एक येत होते. मग तिचा आला, आणि काटा दाणकन खाली गेला. दंड प्रमाणाच्या पटीत होता आणि दंड न भरणाऱ्याला चित्रगृहात कायमची बंदी. शून्याच्या किती पट, हे गणित काट्याला जोडलेल्या यंत्राला सुटेना. ते नुसते तापू लागले. काय झाले ते पाहायला साहेब यंत्रावर वाकले. तेवढ्यात मी खिशातला माझा कोरडा रुमाल काट्यावर ठेवला, तिचा खिशात कोंबला आणि पावतीवर शिक्का मारला, 'कोरडी'. नोकरीतला पहिला खोटा शिक्का मी तिच्यासाठी मारला, आणि मला त्याचा अभिमान वाटला.

आम्ही मुकाट्याने चालत आलो. लाँड्री आली. तिने काही विचारले नाही. शेवटी मीच विचारले.

"का रडलीस गं?"

"मी कुठं रडले? कोरडी आहे मी. शिक्का मारलाय ना तुम्ही."

"अगं, तो कागदापुरता. मला खरं सांग."

ती थांबली. तिच्या चेहऱ्यावर जुन्या भांडणाची थोडी आशा आली. "बरं, मग सांगा," ती म्हणाली, "शेवटी त्या कपाटात कोण होतं असं वाटलं तुम्हाला? आतून दार वाजवणारं?"

"कपाट वाजलं?" मी विचारले.

तिने माझ्याकडे बघितले. मी आजवर दुकानदारांच्या पोकळ निघालेल्या वजनांकडे असाच बघत आलो आहे. मग ती पुढे निघाली आणि एकटीच घरी गेली.

मी लाँड्रीच्या पायरीवर बसलो आणि मला रडू आले. काच नव्हती, मेहुणे नव्हते, तरी आले. खिशातून रुमाल काढला तर तो तिचा निघाला, आधीच ओला. त्यात तिचे किती आणि माझे किती, हे आता कुठल्याच काट्यावर निघायचे नाही.

दरम्यान खात्याने आपले लक्ष छापील मजकुराकडे वळवले आहे. प्रस्तुत कथेसाठी प्रमाणवाचकाची नेमणूक अद्याप व्हायची आहे. ती होईपर्यंत, हसण्यापूर्वी शेजारचा हसतो आहे का हे पाहून घेण्याची आपली नेहमीची पद्धत वाचकांनी तशीच चालू ठेवावी.