सव्वानऊ इंचाला एक पीळ

"आय हॅव अ डिअर लीज," टॅगर्ट साहेब कॉफी ढवळत म्हणाले, आणि गुरुदत्त केंकरेला त्यांची मनापासून दया आली.

डिअर म्हणजे महाग, हे तो पुण्याच्या शाळेत शिकला होता. डिअर म्हणजे हरीण हेही शिकला होता, पण टेक्ससमधली माणसं हरणं मारण्यासाठी रान भाड्याने घेतात आणि त्याला डिअर लीज म्हणतात, हे काही त्या शाळेत शिकवलं नव्हतं. एवढा मोठा साहेब, प्लेनोतल्या अख्ख्या व्हॉल्व्हच्या कारखान्याचा मालक, आणि घरभाड्याने गांजला आहे, असंच त्याला वाटलं. धीर देणं भागच होतं.

"सर, मीही अर्विंगला तीन वर्षं फार डिअर लीजमध्ये होतो," तो आपल्या सावकाश इंग्रजीत म्हणाला. "फार सोसलं."

साहेबांचा चमचा थांबला. "अर्विंगला? भर गावात?"

"अगदी हायवेला लागून."

"मग काही मिळालं का?"

"काही नाही. फक्त झुरळं."

टॅगर्ट साहेब इतक्या जोरात हसले की कॉफी त्यांच्या टायवर सांडली. इतका सुका विनोद करणारा शिकारी त्यांना उभ्या आयुष्यात भेटला नव्हता. डोळे पुसत त्यांनी विचारलं, "व्हॉट डू यू शूट?"

मागच्याच महिन्यात ऑफिसच्या पिकनिकचे फोटो गुरुदत्तने काढले होते. भाड्यावरून गाडी कॅमेऱ्यावर कशी आली हे त्याला समजलं नाही, पण साहेबांना भाड्याचा विषय टाळायचा असेल, असं त्याने समजून घेतलं.

"जपानी, सर. इतकं हलकं, की दिवसभर गळ्यात अडकवलं तरी मान दुखत नाही."

"जपानी! हलकी रायफल!" साहेबांनी त्याच्या पाठीवर थाप मारली. "माझ्या खांद्याला आता जड रायफल झेपत नाही. नोव्हेंबरच्या पहिल्या शनिवारी माझ्याबरोबर लॅनोच्या रानात चल. कुठली हलकी रायफल घ्यावी, कुठलं काडतूस, नळीचा ट्विस्ट किती, सगळं मला सांग. तू इंजिनिअर आहेस."

रायफल हा शब्द ऐकून गुरुदत्तच्या डोक्यात लख्ख उजेड पडला. पण तोवर साहेब कॉरिडॉरभर "गाइज, गुरु शिकारी आहे!" असं सांगत पुढे गेले होते.

त्याच वेळी धावत जाऊन खरं सांगितलं असतं तर ही कथा इथेच संपली असती. पण क्वालिटी डिपार्टमेंटच्या हेडची खुर्ची दोन महिने रिकामी होती. गुरुदत्त अकरा वर्षं त्या खुर्चीच्या शेजारच्या टेबलावर बसत होता. आणि टॅगर्ट साहेब ज्याला लॅनोच्या रानात नेतात तो परत येतो तो खुर्ची घेऊनच, हे कारखान्यातल्या झाडूवाल्यालाही ठाऊक होतं.

घरी मृणालिनीने शांतपणे सगळं ऐकून घेतलं आणि पोळी लाटणं थांबवलं.

"अहो, बाथरूममध्ये कोळी निघाला तर तुम्ही मला हाक मारता."

"मला मारायचं कुठे आहे? मला फक्त सांगायचंय, कुठली बंदूक घ्यावी ते."

"आणि समोर हरीण आलं म्हणजे?"

"तो प्रश्न शेवटचा. आधी काडतूस ठरू दे."

बारा वर्षांची वीणा टेबलावर गणितं सोडवत होती. तिने पेन्सिल खाली ठेवली. "बाबा, इफ यू किल अ डिअर, आय अ‍ॅम नेव्हर टॉकिंग टू यू अगेन. नेव्हर."

वीणा बोलली तसं करणारी मुलगी होती. एकदा मांजर घेऊ दिलं नाही म्हणून ती चार दिवस बोलली नव्हती, आणि त्या चार दिवसांत गुरुदत्तला जेवण गेलं नव्हतं. म्हणजे एकीकडे खुर्ची आणि दुसरीकडे लेक. अशा पेचात शहाणा माणूस जे करतो तेच गुरुदत्तने केलं. त्याने निर्णय पुढे ढकलला आणि अभ्यासाला बसला.

प्लेनोच्या लायब्ररीतून त्याने बंदुकांवरची नऊ पुस्तकं आणली. आलेखाच्या कागदांचं एक अख्खं पॅड आणलं. आणि गंमत अशी झाली, की त्याला त्यात गोडी लागली. नळीच्या आतल्या बाजूला गोल फिरत जाणाऱ्या खाचा असतात, त्यामुळे गोळी भोवऱ्यासारखी गरगरत निघते आणि म्हणून सरळ जाते. किती इंचांत एक पूर्ण फेरा, तो ट्विस्ट. फेरे कमी पडले तर गोळी हवेत कोलांट्या खाते. गोळी जितकी लांब तितका ट्विस्ट घट्ट हवा. शंभर वर्षांपूर्वीच्या एका इंग्रज प्राध्यापकाचं सूत्रच होतं: गोळीच्या जाडीचा वर्ग, गुणिले दीडशे, भागिले लांबी.

"ट्विस्टला मराठीत काय म्हणशील, मृणाल?" एका संध्याकाळी त्याने विचारलं.

"पीळ," ती म्हणाली, आणि दोघांनाही हसू आलं.

कारण पुण्याच्या होस्टेलवर गुरुदत्तचं टोपणनाव 'पीळ' होतं. एकदा बोलायला लागला की समोरच्याला पिळून काढल्याशिवाय थांबत नसे. लग्नानंतरच्या चौदा वर्षांत मृणालिनीने "पिळू नका हो" हे वाक्य जितक्या वेळा उच्चारलं होतं तितक्या वेळा देवाचं नावही घेतलं नव्हतं. आता तर पिळाचाच पीळ सुरू झाला. वरण वाढताना पीळ, कपडे वाळत घालताना पीळ. पार्सिपनीहून सुलेखा मावशींचा खुशालीचा फोन आला, तर त्यांनाही पाऊण तास पीळ. त्यानंतर दिवाळीपर्यंत त्यांनी फोन केला नाही.

बंदुकांच्या दुकानात तो पाच शनिवार गेला. दुकानदार अर्ल हा मोठा सोशिक म्हातारा होता. पहिल्या शनिवारी त्याने विचारलं, "कशाची शिकार करायची आहे?"

"करायची की नाही ते अजून ठरलेलं नाही," गुरुदत्त प्रामाणिकपणे म्हणाला आणि आलेख काउंटरवर पसरले. "पॉइंट टू-फोर-थ्री काडतुसाचा धक्का कमी, हे मान्य. पण त्याला पीळ, म्हणजे ट्विस्ट, दहा इंचाचा देतात. शंभर ग्रेन वजनाच्या गोळीला सूत्राप्रमाणे नऊच्या आतला लागतो."

"दहावर चालतं. माझ्या बायकोने गेल्या वर्षी तीन हरणं मारली."

"चालतं, पण का चालतं?"

पाचव्या शनिवारी अर्लने टोपी काढून काउंटरवर ठेवली. "बाळा, तीस वर्षं मी हे दुकान चालवतोय. आजवर एकाही हरणाने मला ट्विस्ट विचारला नाही. ही घे. काडतूस सात मिलिमीटर, ओ-एट. सव्वासहा पौंड वजन, साडेअठरा इंच नळी. ट्विस्ट सव्वानऊ इंचाला एक."

"एकशेचाळीस ग्रेनच्या गोळीला सूत्राप्रमाणे दहा पुरतो," गुरुदत्तचे डोळे चमकले. "म्हणजे पाऊण इंच सुरक्षिततेला!"

"हो, सुरक्षिततेला," अर्ल म्हणाला. "आता घरी जा."

हलक्या बंदुकीचा एक दोष गुरुदत्तने आलेखावर काढून ठेवला होता. बंदूक जितकी हलकी तितका खांद्याला धक्का जास्त. पण आलेखावरचा धक्का वेगळा आणि खांद्यावरचा वेगळा. सरावाच्या मैदानावर तीन गोळ्या झाडून तो घरी आला तेव्हा खांद्याचं जांभळं वांगं झालं होतं. मृणालिनीने पुण्याहून आणलेली आंबेहळद उगाळली, गरम केली आणि जाड लेप दिला. दुसऱ्याच दिवशी नोव्हेंबरचा पहिला शनिवार होता, आणि मध्यरात्रीच निघायचं होतं.

लॅनोच्या रानात, उंच खांबांवर उभ्या केलेल्या लाकडी खोपटात, पहाटे टॅगर्ट साहेब आणि गुरुदत्त गुडघ्याला गुडघा लावून बसले. साहेबांनी नाक वर केलं.

"कसला वास येतोय?"

"औषध आहे, सर. खांद्याला."

"हरणांना मैलावरून वास येतो, गुरु." साहेब कुजबुजले, पण रागावले नाहीत. "आणि ती जपानी रायफल कुठाय?"

"त्यापेक्षा ही बरी, सर. सव्वानऊ इंचाला एक ट्विस्ट."

उजाडलं. दव पडलेल्या गवतातून एक नर हरीण बाहेर आलं. मोठी शिंगं, ओलं नाक. ते चार पावलं चाललं, थांबलं आणि मान वळवून थेट खोपटाकडे बघू लागलं. गुरुदत्तने इतकं सुंदर काही बऱ्याच वर्षांत पाहिलं नव्हतं.

"तुझं आहे ते," साहेब कुजबुजले. "घे."

गुरुदत्तने बंदूक खांद्याला लावली. ठणका मस्तकात गेला. डोळ्यांसमोर आधी हरीण आलं, मग खुर्ची आली, मग पेन्सिल खाली ठेवणारी वीणा आली.

"सर, अंतर किती?"

"शंभर यार्ड."

"अंदाजे की मोजून?"

"अंदाजे. मार."

"कारण वारा डावीकडून आहे. आणि थंडीत हवा दाट असते, तेव्हा गोळीचं स्थैर्य थोडं कमी होतं. तरी आपल्याकडे पाऊण इंच आहे सुरक्षिततेला. तुम्हाला त्या प्राध्यापकाचं सूत्र माहीत आहे का, सर? गोळीच्या जाडीचा वर्ग..."

सूत्र भागाकारापर्यंत पोचलं तेव्हा हरीण मोकळं गवत ओलांडून झाडीत शिरलं होतं.

नऊ वाजता दुसरं आलं. या वेळी टॅगर्ट साहेबांनी वाट पाहिली नाही. त्यांनी आपली वीस वर्षं जुनी जड रायफल उचलली, नेम धरला, श्वास रोखला.

"सर, तुमच्या नळीचा ट्विस्ट किती?"

"माहीत नाही."

"माहीत नाही?" गुरुदत्त खरोखरच हादरला आणि पूर्ण आवाजात ओरडला. "सर, वीस वर्षं वापरताय आणि माहीत नाही?"

हरीण तर गेलंच, आसपासच्या झाडांवरचे पक्षीही उडाले. मग दिवस मावळेपर्यंत गुरुदत्तने साहेबांना ट्विस्ट समजावून सांगितला. मध्ये एकदा साहेबांनी "बाथरूमला जाऊन येतो" म्हटलं आणि दीड तासाने परत आले. हे सगळं आपण मुद्दाम केलं की अंगच्या सवयीने झालं, हे गुरुदत्तला नंतरही कधी नीट सांगता आलं नाही. दुसऱ्या दिवशी परतीच्या चार तासांच्या प्रवासात साहेबांनी गाडीतला रेडिओ मोठ्याने लावून ठेवला.

रविवारी वीणा दारातच उभी होती. "डिड यू?"

"नाही गं."

तिने धावत येऊन त्याला मिठी मारली, नेमकी दुखऱ्या खांद्यावर. कळ आली तरी त्याने तिला दूर केलं नाही. खुर्ची गेली तर गेली, असं त्याला त्या वेळी खरोखर वाटलं. रात्री अंथरुणावर पडल्यावर मात्र पुन्हा थोडं वाईट वाटलं.

सोमवारी सकाळी साहेबांनी केबिनमध्ये बोलावलं. ते काही बोलायच्या आत गुरुदत्त सुटला. "सर, मला क्षमा करा. मी शिकारी नाही. मला वाटलं डिअर म्हणजे महाग. अर्विंगला मी भाड्याने राहत होतो. ते जपानी म्हणजे कॅमेरा होता."

टॅगर्ट साहेबांनी विचारलं, "म्हणजे ती झुरळं..."

"खरीच होती, सर. स्वयंपाकघरात."

साहेबांनी टेबलावर डोकं टेकलं आणि त्यांचे खांदे गदगदू लागले. रडताहेत की काय, म्हणून गुरुदत्त पाणी आणायला निघाला. साहेबांनी हाताने त्याला थांबवलं.

"बस. शिकारी नाहीस हे मला नऊ वाजताच कळलं होतं. मी वेगळाच विचार करतोय. दर जानेवारीत सरकारी इन्स्पेक्टर येतात. तीन दिवस बसतात, एकेका व्हॉल्व्हवरून माझं डोकं खातात. मागचा हेड त्यांना कंटाळूनच नोकरी सोडून गेला." साहेब पुढे झुकले. "गुरु, वीस वर्षांत मला कुणी माझ्याच रानातून पळवून लावलं नव्हतं. तू लावलंस. यंदा त्यांच्यासमोर तू बसायचं. हेड म्हणून."

जानेवारीत तिघे इन्स्पेक्टर सकाळी नऊला आले. पहिल्याने सहज विचारलं, "या झडपेच्या आट्यांचं माप असं का?" गुरुदत्तने आलेखाचं पॅड उघडलं. साडेअकराला तिघांनी सगळ्या कागदांवर सह्या केल्या आणि जेवायलाही न थांबता विमानतळाकडे निघाले.

संध्याकाळी गुरुदत्त पेढ्यांचा बॉक्स घेऊन घरी आला. पेढे अर्थातच दूध पावडरचे होते. बंदूक माळ्यावर होती, दिवाळीच्या कंदिलाशेजारी, आणि तिथेच राहणार होती. त्याने सगळी हकीकत सांगितली. मग इन्स्पेक्टर नेमके कुठल्या मुद्द्यावर उठले, त्या मुद्द्याच्या आधीचा मुद्दा कोणता, आणि त्याच्याही आधीचा कोणता, हे सांगायला लागला. आमटी गार झाली. वीणा हळूच उठून आपल्या खोलीत गेली.

मृणालिनीने हनुवटीला हात लावून सगळं ऐकलं.

"म्हणजे ते लोक अडीच तास ऐकून पळाले," ती म्हणाली, "आणि तुम्ही हेड झालात."

"हो ना!"

"चौदा वर्षं मी ऐकतेय, अहो. उठून कुठे गेले का मी? मग सांगा, मला कशाचं हेड करताय?"

गुरुदत्तने पानातला पेढा उचलून तिच्या हातावर ठेवला आणि त्या संध्याकाळी पुढे एक शब्द बोलला नाही.