लाल घेवड्याचं पाणी

सरांना निवृत्त होऊन नऊ वर्षं झाली, तरी त्यांची शिकवण्याची हौस काही फिटली नव्हती. अशात जुन्या विद्यार्थ्यांचा मेळावा ठरला आणि फोन आला, "सर, तो घेवड्याचा प्रयोग दाखवाच!" सर हरखले. आपलं शिकवणं एका तरी डोक्यात उरलंय का, हे त्यांना एकदा बघायचंच होतं.

सकाळी त्यांनी भिजवलेला लाल घेवडा वाटला, गाळला, पाणी बाटलीत भरून ओट्यावर ठेवलं आणि दाढीला गेले. बायकोला चकित करायचं म्हणून घरात अवाक्षर काढलं नव्हतं.

वर्ग तोच होता. बाकांवर कोरलेली नावंही तीच, फक्त बाकांत आता पोटं मावत नव्हती. सोबत आलेली बायको शेवटच्या बाकावर जाऊन बसली.

"पेशीच्या अंगावर साखरेचे रेणू असतात," सर रंगात आले. "फ्लूचा विषाणू आंधळा, तो ही साखर चाचपून दार ओळखतो. घेवड्यातल्या एका प्रथिनालाही तशीच खोड. आता बघा, रक्तपेशींची साखर धरून ते कशा गुठळ्या करतं!"

काचेवरच्या रक्तात घेवड्याच्या पाण्याचा थेंब पडला. गुठळी नाही. पाच थेंब पडले. सूक्ष्मदर्शकाला डोळा लावलेला लंबू, जो आता बँकेत साहेब होता, चाचरत म्हणाला, "सर, सगळ्या पेशी सुट्ट्याच फिरतायत."

"काच पूस."

काच पुसली, दिवा बदलला. मग रक्त शिळं असावं, असं ठरलं. वर्गातल्या डॉक्टरीणबाईंनी लंबूचं बोट टोचलं. ताज्या रक्तातही तेच. मग 'माझं बघा, माझं बघा' करत बोटं पुढे आली आणि अर्धा वर्ग कापूस धरून बसला.

"सर, घेवड्याचं वय झालं हो!" कुणीतरी ओरडलं. हशा पिकला. सरही हसले, पण चेहरा उतरला होता.

"का जमलं नाही, सांगेल कुणी? हेच शिकवलं ना मी तुम्हाला?"

लंबू पुन्हा काच पुसू लागला. तेवढ्यात शेवटच्या बाकावरून हात वर आला.

"मी उकळलं ते," बायको म्हणाली.

"काय?"

"हाताला लागेल ती बाटली तोंडाला लावता तुम्ही. कच्च्या घेवड्याचं प्रथिन आतड्याच्या पेशींवरची साखर धरून बसतं, मग उलट्या. उकळलं की त्याची घडी मोडते, साखर ओळखता येत नाही. तुम्हीच सांगितलं होतंत."

"मी? कधी?"

"लग्नानंतर महिन्याभरात. पहिल्या तासाची तालीम करत होतात. मी मटार सोलत होते."

सरांना ती एका खिडकीची खोली आठवली. कपाटाच्या दारावर खडूने आकृत्या काढणारा तो पंचविशीतला पोरगा आठवला, आणि मान वर न करणारी नवी नवरी. ही ऐकतच नाही, म्हणून तेव्हा किती वाईट वाटलं होतं! त्यांचे डोळे भरून आले.

"अगं, सगळं लक्षात आहे तुझ्या?"

"हो. साखरेची आकृती तेवढी उलटी काढली होतीत," ती म्हणाली. "तुम्ही कामावर गेल्यावर पुस्तक उघडून पाहिलं मी. नवीन होते, म्हणून बोलले नाही."