झिल्लीवाले साळवे सर

साळवे सर बसमध्ये मांडीवर अंडं घेऊन बसत. अंडं बरणीत असे, पण नागडं. सिरक्यात, म्हणजे व्हिनेगरात भिजवून वरचं टरफल विरघळवलेलं, नुसत्या पातळ आवरणात डुलणारं ते अंडं हैदराबादेत तारनाक्याहून जामबागच्या आमच्या शाळेपर्यंत सुखरूप येई. एका कंडक्टरनं हे काय म्हणून विचारलं, तेव्हा सरांनी त्याला आबिड्सचा थांबा येईपर्यंत पेशी समजावून सांगितली. बिचारा तिकिटं फाडायचं विसरला, आणि पुढं सर दिसले की बसच्या दुसऱ्या टोकाला जाऊ लागला.

शाळा मराठी. मी मराठीचा मास्तर, ते जीवशास्त्राचे, आणि शिक्षकांच्या खोलीत आमची टेबलं शेजारी. म्हणजे अंडं माझ्या डब्याच्या शेजारी. पाण्यात ठेवलं की ते टम्म फुगे, साखरेच्या पाकात ठेवलं की वाळल्या लिंबासारखं आक्रसे. सोवळी मंडळी नाकं मुरडत. सर म्हणत, खायला नाही, बघायला आणलंय. पाणी आत जातंय, बाहेर येतंय, बलक मात्र जागच्या जागी. आणि शेवटी ठरलेलं वाक्य येई, "दीवार नव्हे मियाँ, झिल्ली."

सर विद्यापीठात सारं विज्ञान उर्दूतून शिकले. त्यांच्या वेळी इथं तीच रीत होती. त्यामुळं पेशीभोवतीच्या आवरणाला पुस्तकात पटल म्हटलेलं असलं, तरी सरांच्या फळ्यावर झिल्लीच असे. माणसंही ते याच मापानं मोजत. हेडमास्तरांची झिल्ली एकतर्फी, म्हणत. तक्रारी आत जातात, बाहेर काही येत नाही. मी घरी भांडून आलो की माझ्या चेहऱ्याकडं बघून म्हणत, "आज पेशीला खारं पाणी लागलेलं दिसतंय." आणि चहा मागवत.

मग राज्याची फेररचना आली. हैदराबादचे तीन वाटे होणार, मराठवाडा मुंबईकडं जाणार. शिक्षकांच्या खोलीत दुसरा विषय नव्हता. कोण इथं राहणार, कोण तिकडं जाणार, कुणाची नोकरी कुठं. सगळे तुकडे, तुकडे म्हणून उसासे टाकत असताना सर शांतपणे म्हणाले की पेशी विभागते तेव्हा तिला कुणी फुटली म्हणत नाही. दोघींना पुरी झिल्ली मिळते.

पण त्यांचंही मन थाऱ्यावर नव्हतं. मराठवाड्यात त्यांच्याच तालुक्यात नवी शाळा निघायची होती आणि तिथल्या मुख्याध्यापकपदासाठी त्यांचं नाव पुढं आलं होतं. ही जागा त्यांना मनापासून हवी होती. शिकवणं बघायला एक अधिकारी येणार होते, आणि ते शुद्ध मराठीबद्दल फार कडक आहेत अशी कुणकुण होती. मी सरांना चहाच्या हॉटेलात बसवून पटल, पटल असं घोकून घेतलं. सर माझ्यामागं म्हणत आणि बिस्कीट बुडवताना पुटपुटत, "झिल्ली."

अधिकारी आले, मागच्या बाकावर बसले. मराठीचा मास्तर म्हणून मलाही शेजारी बसवलं. सर अर्धा तास पटलच म्हणत होते; मी मनात नारळ फोडला. मग त्यांनी एका मुलीला विचारलं, अंडं का फुगलं? ती उभी राहून खणखणीत म्हणाली, "झिल्लीतून पाणी आत गेलं म्हणून."

अधिकाऱ्यांनी चष्मा काढला. आता सरांनी तिला पटल म्हण एवढं सांगितलं असतं की झालं असतं. सर म्हणाले, "बरोबर. बस खाली."

बरोबर कसं, अधिकाऱ्यांनी विचारलं, हा शब्द मराठी आहे का?

"पटलही बरोबर आहे, साहेब," सर म्हणाले. "पण हा शब्द हिला मी दिला, मला माझ्या उस्तादांनी दिला. आत आलेल्याला आता बाहेर कसा काढू?"

अधिकारी माझ्याकडं वळले. मी सांगितलं की आमच्या हैदराबादी मराठीत झिल्लीच म्हणतात. त्यांनी काहीतरी लिहून घेतलं आणि चहा न घेता गेले.

संध्याकाळी मी सरांवर चिडलो. हातचं घालवलंत, म्हणालो. एका शब्दासाठी?

सर बरणी पुसत होते. म्हणाले, "कदमसर, गावच्या शाळेत मी दाराबाहेर बसायचो. तहान लागली तर कुणी वरून ओंजळीत ओतलं तरच पाणी. इथं कॉलेजात आलो, प्रयोगशाळेत सुरई होती. मी तिच्याजवळ नुसता उभा. सवयच ती. उस्ताद आले, कटोरा माझ्या हातात दिला आणि म्हणाले, 'पानी को किसका इंतजार, मियाँ?' मी माझ्या हातानं पाणी घेतलं. त्याच तासाला त्यांनी झिल्ली शिकवली."

ज्याच्या शेजारी मी इतकी वर्षं डबा खाल्ला, त्या माणसाचा मला विलक्षण अभिमान वाटला.

नेमणुकीचा हुकूम येणार नाही असं सगळे धरून चालले होते. तो आला. सर अंडं मांडीवर घेऊनच गाडीत बसले.

पुढं एकदा मी त्यांच्या शाळेत गेलो. वर्ग चालू होता म्हणून व्हरांड्यात थांबलो. तिथं माठ होता, वर पेला पालथा. ऊन मी म्हणत होतं, घसा सुकला होता, आणि मी शिपाई कुठं दिसतो का ते बघत उभा होतो. खिडकीतून सरांचा आवाज आला.

"कदमसर, पाण्याला कुणाची वाट बघता?"

मी पेला उचलला, माठात बुडवला आणि पोटभर पाणी प्यालो. आत सरांनी विचारलं, हं, कुठं होतो आपण? आणि सबंध वर्ग ओरडला, "झिल्लीपाशी, सर."